नाल्याकडची भिंत

आमच्या घराचा विमा उतरवलेला होता हे आम्हालाच माहीत नव्हतं, असं मी सांगते तेव्हा आजकालची पोरं हसतात. हसा बापा. पण खरं आहे ते. सत्तर सालाच्या आगेमागे आमच्या ह्यांनी सोसायटीचं कर्ज काढून नागपुरात घर बांधलं, तेव्हा सोसायटीने घराचा विमा काढायला लावला आणि त्याचे पैसे कर्जाच्या हप्त्यातच जोडून टाकले. विम्याचा कागद घरी आला, पत्र्याच्या डब्यात गेला आणि तिथेच राहिला. विमा म्हणजे माणूस मेल्यावर मिळतो तो पैसा, एवढीच आमची अक्कल. आणि घर काही मेलं नव्हतं.

आमचे हे सरकारी छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर शिशाची अक्षरं जुळवायची आणि संध्याकाळी काळी बोटं घासत बसायचं. माणूस गरीब स्वभावाचा, आवाज चढवणं ठाऊक नाही. ते काम माझ्याकडे होतं. मी कामठीची, तोंडाची फटकळ, हे लग्नाआधीच सासरी कळवलेलं होतं.

घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि अगदी मागे एक लहान खोली. ती खरं तर लाकडं, कोळसा आणि सायकल ठेवायला बांधली होती. म्हणून मिस्त्रीने दाराला कडी लावली ती फक्त बाहेरून. कोळसा काही आतून कडी लावून बसणार नव्हता. ह्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून नाला. पावसाळा सोडला तर त्यात बकऱ्या चरायच्या, पोरं गोट्या खेळायची.

त्या कोळशाच्या खोलीत ताई राहायला आल्या. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. त्यांचं सासर खाप्याचं. मूलबाळ नव्हतं आणि नवराही अचानक गेला. वर्ष सरायच्या आत दिरांनी सांगितलं, तुमची खोली गळते, दुरुस्ती काढतो, महिनाभर भावाकडे जाऊन या. ताई बसच्या टपावर शिलाई मशीन आणि मांडीवर लोखंडी पेटी घेऊन आल्या. महिना झाला, बोलावणं नाही. आणखी एक झाला. शेवटी हे खाप्याला जाऊन आले. खोली दुरुस्त झाली होती, छान रंग दिला होता, आणि त्यात थोरल्या दिराचा नुकताच लग्न झालेला मुलगा बायकोला घेऊन राहत होता.

हे परत आले ते ताईंशी काही बोललेच नाहीत. सरळ मागे गेले आणि कोळसा बाहेर काढायला लागले. ताई उभ्या राहून बघत होत्या. काय समजायचं ते समजल्या. एवढंच म्हणाल्या, "नाल्याची हवा चांगली येते गा इथं."

आता मी काही साधुसंत नाही. आमचं दोघींचं साखरेसारखं गोड होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या भाजीत त्यांना कधी मीठ कमी लागायचं, कधी तिखट जास्त. पहाटे उठून त्या भांडी वाजवायच्या तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बाई कामाची होती. दुपारी मोहल्ल्यातल्या पोरी ब्लाऊज, परकर शिवायला शिकायला त्यांच्याकडे यायच्या, दारातच फतकल मारून बसायच्या. संध्याकाळी त्याच पोरींकडून ताई पंचशील म्हणवून घ्यायच्या. कोणी खोटं बोललेली सापडली तर चौथं शील पुन्हा म्हणायला लावायच्या, कान पिळून.

मग एका भादव्यात नाला घरात आला. भर दुपारी. आम्ही मशीन आणि पेटी उचलून शेजारच्यांच्या गच्चीवर गेलो आणि आपल्याच घरात पाणी हिंडताना बघत बसलो. मागच्या खोलीत ते कंबरेएवढं चढलं होतं. दुसऱ्या दिवशी उतरलं आणि मागे राहिला काळा, चिकट, वास मारणारा गाळ.

आता इथे आमचं चुकलं, पण ते आमच्यासारख्या घरांतच चुकू शकतं. दसरा तोंडावर आला होता. आमच्याकडे दसरा म्हणजे दीक्षाभूमीला येणाऱ्या पाहुण्यांचा. उमरेड, पवनी, भिवापूर, जिथं जिथं म्हणून नातं होतं तिथून माणसं यायची, पांढरी लुगडी, पांढरे सदरे घालून, भाकरीची गाठोडी घेऊन. घराघरांत पाय ठेवायला जागा नसायची. वर्षाचा तोच आमचा सण. त्यांना काय नाल्याच्या वासात झोपवायचं? मी आणि ताईंनी पदर खोचला. खरवडलं, धुतलं, पुन्हा धुतलं, चुन्यात चांगली निळ टाकली आणि घरभर दोन-दोन हात मारले. पाहुणे आले तेव्हा घर असं लखलखत होतं की पवनीची मावशी म्हणाली, "पूर आला होता म्हणते कोण?" मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. तो अभिमान पुढे चांगलाच अंगलट आला.

पुढचा दसरा तसाच गेला. दरवर्षी सगळं घर मी पोतायची, पण ताईंची खोली ताईच पोतायच्या. कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी म्हणायची, बरं झालं, तेवढंच माझं काम कमी.

त्याच्या पुढच्या दसऱ्याच्या आधी ताई नळावर घसरून पडल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर बसलं. मग त्यांच्या खोलीत चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन मी शिरले, तर त्या माझ्या मागे मागे.

"राहू दे वं. मागच्या वर्षीचा चुना पुरते."

"पुरते कसा? पाहुण्या तुमच्याच खोलीत झोपतात ना."

"माझ्या खोलीत काही नाही खराब झालेलं. तू समोरचं घर कर ना."

मी ऐकते थोडीच. मी पेटी ओढली, कपड्यांची घडवंची ओढली. मागे भिंतीला मेणकापड ठोकलेलं. तेही काढलं. तर जमिनीपासून थेट खिडकीपर्यंत भेग. तीत माझा पंजा गेला असता, पण जागा नव्हती, कारण आत ब्लाऊजच्या कापडाच्या चिंध्या गच्च कोंबलेल्या आणि वरून चुना. एक चिंधी ओढली तर तिच्याबरोबर ओली काळी माती भदाभदा पायावर पडली. खालची फरशीही नाल्याच्या बाजूला कलली होती.

"ताई, हे काय आहे?"

"उंदीर येत होते वं. म्हणून चिंध्या भरल्या."

उंदीर आमच्याकडे होतेच. मी म्हटलं, असेल.

संध्याकाळी ह्यांनी भिंतीवर नुसता हात टेकला, तर भिंत हलली. तिथल्या तिथे त्यांनी ताईंची खाट उचलली आणि स्वयंपाकघरात आणली. जेवताना खाली बघून म्हणाले, "खोली पाडावी लागते. उभी नाही राहत ती आता." पुन्हा बांधायला पैसे नव्हते, कर्जाचेच हप्ते चालले होते. ह्यांचा धाकटा भाऊ बल्लारशाला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचा. "ताई, तू तात्पुरती त्याच्याकडे जाऊन राहा. इकडचं काही जमलं की..."

ताई डाव्या हाताने जेवत होत्या. थांबल्या. ताटातलं टाकणाऱ्या नव्हत्या त्या, पण त्या दिवशी हात धुतला. सकाळी उठून बघते तर लोखंडी पेटी भरलेली आणि तिला सुतळी आवळलेली. एका हाताने कशी आवळली कोण जाणे, बहुतेक दात लावले असतील. पेटीवर बसून त्यांनी ह्यांना विचारलं, "महिनाभरच ना गा?"

हे उठले. ते सायकल काढून कामावर निघून गेले. मला मात्र असा राग आला की विचारू नका. कोणावर ते सांगता आलं नसतं. खाप्याच्या दिरांवर, नाल्यावर, ह्यांच्या गरीब स्वभावावर, सगळ्यांवर. त्याच रागात मी पत्र्याचा डबा उघडला. म्हटलं, सोसायटीचे कागद बघू, आणखी कर्ज मिळते का. तर त्यात हा कागद. इंग्रजीत होता, पण वर घराचा पत्ता होता.

संध्याकाळी हे तो कागद कंदिलाजवळ घेऊन बसले. जन्मभर दुसऱ्यांचं बारीक टाइप जुळवलेलं, आपल्या घरचं पहिल्यांदा वाचत होते. शेवटी म्हणाले, "याच्यात पूर आहे."

"पूर म्हणजे?"

"पुराने घराचं नुकसान झालं तर विमा भरून देते."

ताई कोपऱ्यातून म्हणाल्या, "विमा? कोण मेलं?"

सोसायटीचा सेक्रेटरी तर पोट धरून हसला. दोन दसरे झाले आणि तुम्ही आता जागे झाले काय, म्हणाला. पण ह्यांनी अर्ज लिहिला: पूर तेव्हाचा, पण नुकसान भिंतीच्या पोटात होतं, ते आता कळलं. विम्याच्या बर्डीवरच्या ऑफिसातून पाहणीला एक साहेब येतील असं उत्तर आलं. ताईंची पेटी सुतळी बांधलेली तशीच दाराशी पडून होती. साहेब हो म्हणाले तर ती सुटणार, नाही म्हणाले तर बल्लारशाच्या गाडीत चढणार. इतकं ते सरळ होतं.

साहेब स्कूटरवर आले. अंगाने भरलेले, मानेला रुमाल, हातात टॉर्च आणि लोखंडी सळई. बोलायला चांगले होते, पण काम सोडणाऱ्यातले नव्हते. खोलीत चौफेर बघितलं. पांढऱ्याशुभ्र भिंती.

"वहिनी, इथं कंबरेएवढं पाणी होतं हे मी कशावरून मानू? मला तर पुताई दिसून राहिली."

मग त्यांची नजर खिडकीवर गेली. तिथे वाळ्याच्या पडद्याच्या खिट्या होत्या. "उन्हाळ्यात पडदा लावता ना?"

"नागपुरात कोण नाही लावत?"

"लावतात. पण दिवसभर त्याच्यावर पाणी मारता, ते पाणी भिंतीत मुरते आणि भिंत फुगते. पडद्याच्या पाण्याचा विमा नसते वहिनी."

हे खाली बघू लागले. माझं डोकं सटकलं. स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि साहेबांच्या देखत भिंत खरवडायला लागले. पहिला पापुद्रा निघाला. "हा मागच्या दसऱ्याचा." खाली दुसरा, जास्त निळा. "हा पुराच्या दसऱ्याचा. निळ माझ्याच हाताने जास्त पडली होती, लोकांनी नावं ठेवली होती." त्याच्याही खाली गाळाची तपकिरी रेघ. मी खरवडत गेले तशी ती भिंतभर सरळ निघत गेली, माझ्या कंबरेच्या उंचीवर.

"पडद्याचं पाणी खिडकीतून खाली येते साहेब. सगळ्या भिंतीला कंबरपट्टा नाही घालत."

साहेब हसले. रागावले नाहीत. कललेल्या फरशीच्या फटीत त्यांनी सळई घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. ह्यांच्या मदतीने फरशी उचलली आणि टॉर्च मारला. खाली पोकळ. पायाखालची माती नाल्याने ओढून नेली होती आणि तिथे वाळू, काडीकचरा आणि एक रबरी चप्पल सोडून गेला होता. ती चप्पल आमच्यातल्या कोणाचीच नव्हती.

"पुराचंच आहे," साहेब म्हणाले. "हे मी लिहितो." ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "आता फक्त एक. नुकसान कळल्याबरोबर आम्हाला कळवायला पाहिजे, असा नियम आहे. तुम्हाला कधी कळलं?"

"यंदा. पुताई करताना," हे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

साहेब लिहिता लिहिता भेगेजवळ गेले आणि एक चिंधी ओढून काढली. मग दुसरी. बोटाने त्यांच्यावरचा चुना सोलला. खाली निळसर थर निघाला, वरचा पांढरा. मीच आत्ता त्यांना थर मोजायला शिकवलं होतं.

"या चिंध्यांवर तर जुनी पुताई आहे. हे कोणी भरलं?"

मी म्हटलं, "उंदीर येत होते..."

ताई दारात उभ्या होत्या, प्लास्टरचा हात छातीशी धरून. त्यांनी फक्त मान हलवायची होती. उंदीर म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पेटी त्यांची होती, बल्लारशाची गाडीही त्यांनाच धरायची होती. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी सांगितलंसुद्धा, गप्प राहा.

"उंदीर नव्हते साहेब," ताई म्हणाल्या. "मले माहीत होतं. पूर गेल्यावर तिसऱ्या चौथ्या आठवड्यातच भेग दिसली. मग वाढत गेली. मी भरत गेले."

साहेबांनी पेन खाली केलं. "मग सांगितलं काहून नाही बाई? झोपेत अंगावर पडली असती ना."

"सांगितलं असतं तर दुरुस्ती काढली असती."

साहेबांना काही कळलं नाही. "दुरुस्ती काढली असती तर चांगलंच होतं ना?"

"एकदा दुरुस्तीसाठी खोली खाली करून दिली होती साहेब. परत नाही भेटली." ताईंचा आवाज काही हलला नाही. "ही पडली असती तर माझ्या खोलीत पडली असती. बस."

हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना मी पहिल्यांदा बघितले. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. दोन पावसाळे ही बाई त्या भेगेला पाठ लावून झोपली होती. पहाटे उठून भांडी वाजवते म्हणून मी चरफडायची, ती बिचारी रात्रभर मातीचा आवाज ऐकत पडलेली असायची. आणि का, तर आम्ही तिला बाहेर काढू म्हणून. आम्ही तसे नाही हे तिला कोणी कधी तोंडाने सांगितलंच नव्हतं. आमच्यात सांगत नाहीत असं काही.

साहेबांनी रुमालाने मान पुसली, बराच वेळ पुसली. मग ह्यांना विचारलं, "पॉलिसी कोणाच्या नावानं आहे?"

"माझ्या."

"बाईंच्या नाही?"

"नाही."

"मग पॉलिसीवाल्याला कधी कळलं ते मी लिहितो. बाईंनी सांगितलं तेही लिहीन, खोटं काही लिहिणार नाही. पुढं ऑफिस ठरवेल." स्कूटरला किक मारण्याआधी ते पुन्हा वळून ताईंना म्हणाले, "बाई, त्या खोलीत आता जाऊ नका. मी सांगून राहिलो म्हणून तरी."

स्कूटर गल्लीबाहेर गेली आणि ताई म्हणाल्या, "मी घालवलं गा सगळं."

हे काही बोलायच्या आत मीच बोलले. "घालवलं तर घालवलं. आता ऐका. बल्लारशाला कोणी जात नाही. विमा आला तर खोली बांधू, नाही आला तर तुमची खाट माझ्या स्वयंपाकघरात राहील, मरेपर्यंत. रोज माझ्या भाजीला नावं ठेवा, मी रोज भांडीन." आणि विळीने पेटीची सुतळी कापून टाकली. ती चांगली सुतळी होती, नंतर ताईंनी त्यावरूनही मला बोलून घेतलं.

पाहुणे त्या वर्षी पुढच्या दोन खोल्यांत आणि अंगणात दाटीवाटीने झोपले. थंडी सरली, होळी झाली, तेव्हा कुठे ऑफिसातून उत्तर आलं. मंजूर झालं होतं. सगळं नाही, वरच्या छपराचं नाही म्हणाले, पण पाया, फरशी आणि नाल्याकडची भिंत दिली. छपराचं आम्ही बघून घेतलं.

उन्हाळ्यात खोली पाडली. पण ताईंचा भरवसा बसेना. मंजूर झालं, मिस्त्री आला, विटा आल्या, तरी नाही. त्यांनी आपली पेटी नेऊन नव्या, उघड्या फरशीच्या बरोबर मध्ये ठेवली आणि डोक्यावर पदर घेऊन तिच्यावर बसून राहिल्या. मिस्त्री म्हणायचा, "बाई, पेटी हलवा ना." ताई म्हणायच्या, "तुम्ही बांधा. पेटीले काही होत नाही." शेवटी मिस्त्रीने चारी बाजूंनी भिंती उचलल्या आणि पेटी मध्येच राहिली. छपराच्या दिवशी तेवढं मी त्यांना ओढत बाहेर आणलं, डोक्यावर काही पडेल म्हणून. पेटी नाही आणू दिली.

दार बसवताना सुतार जुनी कडी जुन्याच जागी ठोकत होता, बाहेरून. मी इतकी वर्षं ती कडी बघितली होती आणि बघितली नव्हती. म्हटलं, "आतून पण लाव."

"आतून कशाले? मागची खोली आहे."

"तू लाव."

ताई राहायला गेल्या त्या दिवशी दुपारी मी चूल सारवत होते. मागचं दार लागलं. मग कडीचा आवाज आला. निघाल्याचा आला. पुन्हा लागल्याचा आला. त्यानंतर आवाज नाही.

पोरी कापडं घेऊन शिकायला आल्या. एक म्हणाली, "दार लावलं आहे वं काकू, वाजवू का?" मी म्हटलं, हात तर लावून बघ. त्या अंगणात सावलीला बसून राहिल्या, थोड्या वेळाने घरी गेल्या.

उन्हं उतरली तेव्हा ताई बाहेर आल्या. चेहऱ्यावर गोधडीचे वळ उमटले होते, भर दुपारी इतकं झोपलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"पोरी नाही आल्या?"

"येऊन गेल्या. तुम्ही आतून कडी लावली होती ना."

मी रागावले की काय ते त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

"हो," ताई म्हणाल्या, "लावली होती."